वाक्य माझं होतं, आक्का

आक्का, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले आणि मी तुमच्यावर रागावलेली आहे. घरात सगळे अजून दबक्या आवाजात बोलतात, तुमच्या खोलीचं दार कोणी पूर्ण लावून घेत नाही. अशा दिवसांत गेलेल्या माणसावर रागावणं शोभत नाही, हे मला कळतं. पण तेराव्याच्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि ती तुम्ही स्वतः सांगायला पाहिजे होती. सोळा वर्षं आपण एका ओट्यावर चहा केला. नणंद-भावजयीत जे काही असतं ते सगळं आपल्यात होतं, तरी चहा एकाच भांड्यात होत होता. तेवढ्यात कधीतरी बोलून टाकायचं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंदा, अर्ध्यातून कायले सुरू करती? पहिल्यापासून सांग." म्हणून पहिल्यापासून सांगते.

ते विमा कंपनीचे विकास अधिकारी आपल्या घरी आले ते तुमच्यासाठी आले होते, माझ्यासाठी नाही. चौकातल्या साड्यांच्या दुकानात तीस वर्षं उभी राहिलेली बाई, अर्ध्या बुऱ्हाणपूरच्या लग्नांचे बस्ते जिच्या हातून गेले, ती एजंट झाली तर साहेबांना अजून काय पाहिजे. त्यांनी बॅगेतून कागद काढून टीपॉयवर मांडले. "आक्का, तुम्हाला ओळखत नाही असं घर नाही या गावात. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मले नाही जमणार, साहेब," म्हणालात. "माझे पाय गेले उभं राहून राहून. हिचं नाव लिहा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं नाव काय, ताई?"

मी 'म'वर अडकले. जन्मापासून अडकते. ज्याचं नावच 'म'नं सुरू होतं त्यानं 'म'वर अडकावं, हे माझ्या नशिबात होतं. शाळेत पोरी मला 'हकली' म्हणायच्या, माहेरी सगळे माझी वाक्यं पुरी करायचे, आणि लग्नानंतर मी कमी बोलणारी, गुणी सून म्हणून नाव कमावलं होतं. साहेब आधी हसले, मग हसू आवरलं, मग घाईनं पाणी प्यायले.

"मंदाकिनी लिहा," तुम्ही म्हणालात. "बारावी पास आहे. अक्षर चांगलं आहे."

साहेब गेल्यावर ह्यांनी तुम्हाला विचारलं, "आक्का, अगं हे काम बोलायचं आहे. हिचं कोण ऐकून घेईल?" ह्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. सगळ्यांच्या मनात जे होतं तेच ते बोलले. माझ्याही मनात तेच होतं. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, माझं नाव का सांगितलंत म्हणून. विचारायला मला बराच वेळ लागला. तुम्ही भाजीत डाव फिरवत होतात. म्हणालात, "तेल कमी पडलं वाटते." एवढंच. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तेव्हा दिलं नाहीत आणि नंतरही नाही.

परीक्षा खंडव्याला झाली. कॉम्प्युटरवर उत्तरं निवडायची होती, तोंड उघडायचं नव्हतं. मी इतक्या चांगल्या मार्कांनी पास झाले की साहेबांचा फोन आला. त्या दिवशी तुम्ही दुकानातून येताना तुपातला गोड दराबा आणलात. हे खाता खाता म्हणाले, "परीक्षेत बोलावं लागलं नाही ना, म्हणून." तुम्ही ह्यांच्या वाटीतला अर्धा दराबा काढून माझ्या वाटीत टाकलात. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, पण मोठ्या बहिणीपुढे उरलेला अर्धा खात बसला.

मग खरं काम सुरू झालं. दोन महिने मी शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत दारं वाजवत फिरले आणि एकही पॉलिसी झाली नाही. 'पॉलिसी' हा शब्दच माझ्या वाटेत आडवा पडायचा. दार उघडणारा माणूस माझ्या ओठांकडे बघत राहायचा. भली माणसं पाणी आणून द्यायची. काही जण शब्द सुचवायचे, "पैसे? पत्ता? पाणी?" घाईतली माणसं "अभी नहीं, बाद में" म्हणून दार लावायची. एकदा एका घरी मी 'प'वर उभी असतानाच त्या बाई आत गेल्या आणि वाटीभर पीठ घेऊन आल्या. त्यांना वाटलं, मी कुठल्या तरी देवीचं मागायला आले आहे. मी पिशवी पुढे केली. नको म्हणायलाही वेळ लागला असता.

घरी आल्यावर मी ते तुम्हाला सांगितलं आणि रडायला लागले. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "पीठ कुठे आहे?"

"पिशवीत."

"ज्वारीचं का गव्हाचं?"

"ज्वारीचं."

"मग भाकरी टाक. कमाईची पहिली भाकरी आहे."

मी रडता रडता हसले. तुम्हीही हसलात, पदरानं डोळे पुसण्याइतकं. आपण दोघींनी त्या पिठाच्या दोन भाकरी वांग्याच्या भरतासोबत खाल्ल्या आणि ह्यांना सांगितलं नाही. आजतागायत ह्यांना ते माहीत नाही. आता हे वाचतील तेव्हा कळेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुकानात घेऊन गेलात. "तीन दिवस बैस. दुपारी गर्दी नसते. बोलू नको, पाह्य फक्त." मी गादीच्या कोपऱ्यात बसले आणि पाहिलं. मला वाटायचं, तुम्ही बोलून साड्या विकता. तीन दिवसांत कळलं की तुम्ही जवळजवळ बोलतच नाही. बाई आत आली की तुम्ही एकच विचारायचात, "कोणासाठी पाहिजे?" आणि थांबायचात. बाई बोलत सुटायची. भाचीचं लग्न, सासूची पंच्याहत्तरी, जावेनं मागच्या वेळी नावं ठेवलेली साडी. तुम्ही घडी उलगडत राहायचात. रंग जातो का विचारलं तर जाणाऱ्या रंगाच्या साडीला "जातो" म्हणून सांगायचात आणि मालकाकडे बघायचासुद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी परत येताना रस्त्यात तुम्ही मला म्हणालात, "पाहिलं? बाई तोंडानं लाल रंग मागते अन् हात हिरव्यावर ठेवते. ते दिसायले थांबावं लागते. बाकीच्या पोरींले मी वर्षानुवर्षं शिकवते, थांबा म्हणून. त्यांच्यानं होत नाही. तू तर जन्मापासून थांबूनच राहिली आहे."

त्या वाक्यानं माझ्या आयुष्यात काय केलं ते मी तुम्हाला कधी बोलले नाही. जी गोष्ट मी लपवत आले होते ती कोणीतरी पहिल्यांदा माझ्या हातात हत्यार म्हणून दिली होती. मी 'पॉलिसी'नं सुरुवात करणं सोडलं. "तुमच्या घरात कोण कोण आहे?" असं विचारायला लागले. 'त' मला सोपा जातो. आणि थांबायला लागले. माणसं खरंच बोलायला लागली. आई कोणाकडे असते, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, भावांचं का बिनसलं. पण शेवटी माझी पाळी यायचीच, आणि तिथे गाडी अडायची.

मग कुसुमकाकूंचा दिवस आला. ह्या दिवसाबद्दल आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज मी सगळं बोलणार आहे.

कुसुमकाकू तुमच्या जुन्या गिऱ्हाईक, मिठाईच्या दुकानाच्या मालकीण. तुम्ही मुद्दाम सुट्टी घेऊन माझ्यासोबत त्यांच्या घरी आलात. चहा आला. मी घरात कोण कोण आहे ते विचारलं, त्या भरभरून बोलल्या. मग मी सांगायला लागले आणि 'प्रीमियम'वर अडकले. अडकले ती सुटेना. तुम्ही मांडी बदललीत. कुसुमकाकूंनी कपाकडे पाहिलं. आणि तुम्ही माझं वाक्य उचललंत. एकच नाही, त्याच्यापुढची सगळी. किती छान बोललात तुम्ही. दहा मिनिटांत सही झाली. माझी पहिली सही.

रस्त्यावर आल्यावर तुमचा चेहरा फुलला होता. मी म्हटलं, "हा फॉर्म माझा नाही."

"सही झाली ना?"

"वाक्य माझं होतं, आक्का."

तुम्ही थांबलात. "तुह्या वाक्याची वाट पाहत त्या बाईचा चहा थंड झाला," म्हणालात आणि रिक्षाला हात केलात. मी रिक्षात बसले नाही. घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कुसुमकाकूंकडे गेले. त्यांना म्हटलं, काल जे ऐकलंत ते माझ्या नणंदेकडून ऐकलंत, आज माझ्याकडून ऐका आणि मग सही ठेवायची तर ठेवा. मला पाऊण तास लागला. पण त्या पाऊण तासात एक गोष्ट बाहेर आली. तुम्ही त्यांना सांगून बसला होतात की पैसे मधेच कधीही निघतात, बँकेसारखे. तसं नव्हतं. मुदतीआधी मोडली तर नुकसान होतं. तुम्हाला साडी माहीत होती, विमा माहीत नव्हता. मी खरं ते सांगितलं आणि कुसुमकाकूंनी फॉर्म परत मागून घेतला.

अशी माझी पहिली पॉलिसी माझ्याच हातानं गेली. साहेबांनी कपाळाला हात लावला. आणि दोन दिवसांनी कुसुमकाकू दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला म्हणाल्या, "आक्का, तुमच्यापेक्षा तुमची भावजय खरी निघाली." ज्या बाईनं तीस वर्षं जाणारा रंग जातो म्हणून सांगितला, तिला हे ऐकावं लागलं.

त्यानंतर चार महिने आपण मीठ संपलं, गॅस आला, कपडे वाळले, एवढंच बोललो. विम्याचा विषय घरातून गेला. तुम्ही माझ्यासोबत पुन्हा कधी कोणाच्या दारात आला नाहीत.

तुम्ही नव्हतात म्हणून मी शहर सोडून खेड्यात जायला लागले, हे तुम्हाला कळलं होतं का? शहरात प्रत्येक घरात तुम्ही होतात. मला तुमची ओळख सांगायची नव्हती. मी फोपनारच्या बसमध्ये बसले, कारण ती पहिली लागली होती.

तिथे रेखा भेटली. नवरा-बायको दोघं केळी करायचे, स्वतःची बाग, मेहनती माणसं. रेखा बागेत ठिबकची नळी साफ करत होती. मी बांधावर उभी राहून सुरुवात केली, अडकले, आणि आता ही शब्द सुचवेल म्हणून वाट पाहायला लागले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही बोला, मी ऐकते. फक्त माझे हात चालू राहतील." आणि ती खाली मान घालून पुढच्या झाडाकडे सरकली. माझ्या ओठांकडे कोणी बघत नव्हतं. मी तिच्या मागे मागे चालत बोलत राहिले. एक ओळ संपली, दुसरी संपली. तिसऱ्या ओळीत तिचा नवरा आला. "ह्या कोण?"

"विमावाल्या बाई आहेत," रेखा म्हणाली. "माझं अर्धं ऐकून झालं आहे. तू थांब, नाहीतर यांना पुन्हा सुरू करावं लागेल."

तो थांबला. मी संपवलं. त्यानं दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न होते, आणि मी दोन्हीची उत्तरं दिली. ओट्यावर बसून त्यानं सही केली आणि रेखानं मला केळीच्या पानावर गरम पिठलं वाढलं. ते पिठलं, त्या वाटीभर पिठासारखं, कोणी मला मागणारी समजून दिलेलं नव्हतं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तेव्हा तुम्ही गवार निवडत होतात. तुमची मान वर झाली नाही. ह्यांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "तूच बोललीस सगळं?" मी हो म्हटलं. दोन दिवसांनी माझ्या उशाशी एक सुती साडी होती, बारीक काठाची. तुम्ही दारातून म्हणालात, "खेड्यात उन्हातान्हात फिरती, सिंथेटिक नको नेसू. घाम राहते अंगावर." मी "बरं" म्हटलं. आपली दिलजमाई तेवढीच झाली. तुमचं आणि माझं दोघींचं तोंड त्या बाबतीत सारखंच अडखळत होतं.

पुढच्या वर्षांत काम वाढलं. फोपनार, चांदनी, मग धूलकोट. आणि शहरातही बायका आपणहून फोन करायला लागल्या. मी जायचे, तर त्या टीव्ही बंद करायच्या, नीट समोर बसायच्या आणि मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. स्वतः कुसुमकाकूंनी दोन वर्षांनी बोलावून मुलाच्या नावानं पॉलिसी घेतली. मला वाटलं, माझा खरेपणा पावला. मला वाटलं, लोक बदलले, किंवा मी तरी बदलले.

धूलकोटचा प्रसंग तुम्हाला मी सांगितला होता, पण तेव्हा तुम्हाला ताप होता आणि सगळं तुमच्यापर्यंत पोचलं का नाही, माहीत नाही. तिथला महेश, किराणा दुकानवाला, तापानंच आठ दिवसांत गेला. छत्तीस वर्षांचा. क्लेमचे कागद घेऊन मी गेले तेव्हा अंगणात खाटांवर दहा-बारा पुरुष बसले होते आणि त्याची बायको संगीता दाराच्या आत, डोक्यावरून पदर घेऊन. महेशचा मोठा भाऊ म्हणाला, "मैडम, बहू को क्या समझता है. पैसा मेरे खाते में डलवा दो. घर का पैसा घर में रहेगा."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते 'प'नं सुरू होत होतं.

मी उभी राहिले आणि 'प'वर अडकले. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "बोलिए, बोलिए." कोणीतरी मागून माझी नक्कल केली, ती मला ऐकू आली. महेशचा भाऊ म्हणाला, "ठीक है न मैडम, समझ गए, मेरे खाते में." त्यानं माझं वाक्य आपल्या बाजूनं पुरं करून टाकलं होतं, आक्का. दुसरा शब्द मला सापडला असता. सोपा शब्द घेऊन वळसा घालायची सवय होतीच. पण मी वळसा घातला नाही. मी हात वर केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "पैसा संगीता के खाते में जाएगा. महेश ने उसका नाम लिखवाया था. मेरे सामने लिखवाया था."

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "जिसका नाम लिखा है, उसी का है. बैठ जा." आणि मोठा भाऊ बसला.

दाराच्या आत संगीतानं पदर जरा मागे केला. आज ती ते दुकान चालवते. मी गेले की तराजू थांबवून चहा टाकते.

मी तुमच्या खाटेशी बसून सांगितलं, तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "कोणी मधे बोललं?"

"बोलले."

"मग?"

"मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं."

तुमचा गरम हात माझ्या मनगटावर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही झोपी गेलात.

आपलं अजून एक भांडण राहिलं. तुम्ही माझ्याकडून पॉलिसी कधी घेतली नाहीत. "माझ्यामागं कोण रडते," म्हणायचात. मी म्हणायचे, विमा रडणाऱ्यांसाठी नसतो, जगणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही म्हणायचात, "हे वाक्य चांगलं आहे, धूलकोटले सांग." रडणारं कोण ते आता तुम्ही बघायला पाहिजे होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी साड्यांचं दुकान बंद राहिलं. मालक स्वतः पायरीवर बसून होते. गल्लीत इतक्या साड्या मी एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या हातच्या होत्या.

तर तेराव्याला कुसुमकाकू आल्या. मी वाढत होते. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "मंदा, आता कोण पाठवेल गं तुझ्याकडे बायका?"

मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नाही की मला माहीत नाही. त्या सहज सांगत गेल्या. बस्ता बांधायला आलेल्या बायांना तुम्ही शेवटी, पिशव्या हातात देताना सांगायचात: विमा काढायचा तर माह्या भावजयीकडून काढ, ती सांगेल ते खरं असेल, फक्त ती अटकते, तिच्या मधे बोलू नको. "मलापण तेच सांगितलं," कुसुमकाकू म्हणाल्या. "दुकानात मी तिला बोलले होते ना, त्याच्यावर एवढं होऊनही माझ्या घरी आली. म्हणाली, मी एकदा मंदाच्या मधे बोलले. ते मले अजून खुपते. तू पुन्हा बोलाव तिले."

मी हातातली पळी खाली ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

राग आला तो तिथे. सगळ्या गावाला तुम्ही सांगत होतात की मंदा अटकते. आणि तुम्हाला वाईट वाटतं, हेही सगळ्या गावाला सांगत होतात. तुमची माफी गावातल्या घराघरांत पोचली, फक्त आपल्या घरात आली नाही. आणि मी आठ वर्षं ज्याला माझा विजय समजत होते, तो तुम्ही काउंटरवरून पिशव्यांसोबत वाटत होतात. मग माझं त्यात काय होतं?

चार दिवस मी हेच घोळवलं. त्यातून दोन गोष्टी निघाल्या, त्या सांगते.

पहिली ही की माझं होतं. फोपनारमध्ये तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. धूलकोटच्या त्या अंगणात तुम्ही कोणाला काही सांगून आला नव्हतात. आणि शहरातल्या ज्या बायकांना तुम्ही सांगितलंत त्यांतल्या कितीतरी बायकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून मला नाही म्हटलं. तुम्ही मला होकार मिळवून दिले नाहीत. तुम्ही मला पूर्ण वाक्याची जागा मिळवून दिलीत. ती जागा तर मी तुमच्याकडेच मागितली होती, त्या दिवशी रस्त्यात. तुम्ही गावभर फिरून ती मला आणून दिलीत आणि बोलला नाहीत.

दुसरी गोष्ट माझी आहे. त्या सकाळी कुसुमकाकूंकडे मी अजून एक वाक्य बोलले होते. "माझ्या नणंदेला यातलं काही कळत नाही, तिला फक्त विकता येतं." त्याच वाक्यावरून त्या दुकानात तुम्हाला तसं बोलल्या. आणि ते वाक्य, आक्का, मी एकदाही न अडखळता बोलले होते. पाऊण तासातलं तेवढं एकच वाक्य सरळ निघालं. मला तेव्हाच लाज वाटली होती. आठ वर्षं ते सांगायचं म्हणून मी तुमच्या खोलीच्या दारापर्यंत कितीदा आले असेन. आज सांगितलं. तुम्हाला विमा कळत नव्हता, पण माणसं कळत होती, आणि मला जे काही येतं त्याची सुरुवात तुमच्या गादीच्या कोपऱ्यातून झाली.

काल मी ब्रँचमध्ये गेले होते. नव्या एजंटांचा वर्ग होता, आणि साहेबांनी तुम्ही असतानाच मला विचारून ठेवलं होतं की त्यांच्यापुढे बोलाल का. तुम्ही जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी हो म्हणून बसले होते. तुम्हाला सांगणार होते, राहून गेलं. मी नाही जात म्हटलं, तर हेच म्हणाले, "जा. मी सोडतो." स्कूटरवर सोडून ते शाळेत जाणार होते.

चाळीसेक माणसं होती. बहुतेक पोरंपोरी, काही माझ्या वयाच्या बायका. माइक हातात घेऊन मी उभी राहिले आणि आपल्या नावावर अडकले. माइकमधून तो आवाज भिंतीपर्यंत गेला. पुढच्या रांगेतली एक मुलगी खाली बघायला लागली. मी घाई केली नाही. नाव आलं, तेव्हा पूर्ण आलं. मग म्हटलं, मी अशीच बोलते, तुम्हाला थोडा वेळ जास्त बसावं लागेल. कोणीतरी हसलं, मीही हसले, आणि हॉल मोकळा झाला. मी त्यांना पहिल्या दोन महिन्यांचं सांगितलं. गेलेल्या पहिल्या सहीचं सांगितलं. संगीताचं सांगितलं. आणि माझी एक नणंद होती, तिनं मला थांबायला शिकवलं, हे सांगताना मी तुमच्या नावावर अडकले नाही, पण थांबले. ते थांबणं वेगळं होतं आणि त्यांना ते कळलं असावं, कारण पंखाच तेवढा ऐकू येत होता.

टाळ्या वाजल्या तेव्हा माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. हे तिथे उभे होते. शाळेत गेलेच नव्हते. हेल्मेट काखेत, डोळे लाल.

स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, "फार लांबलं का?"

"पाऊण तास," हे म्हणाले. "मी घड्याळ पाहत होतो." मग किल्ली लावली, पण स्कूटर सुरू केली नाही. समोर बघतच म्हणाले, "कोणी उठलं नाही, मंदा."

आक्का, कोणी उठलं नाही.